कळकलेला हिरवा

मी पहिलं रागाचं चित्र काढलं तेव्हा ते सगळ्यांना फार आवडलं, आणि तिथेच मला कळलं की आपलं काहीतरी चुकलंय.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भर दुपारी मोबाईलवर बँकेचा मेसेज आला की एफडी मोडली. ती एफडी माझ्या ट्यूशनच्या पैशांची होती, वीस वर्षं सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवून साठवलेली, आणि नाव दोघांचं होतं म्हणून यांनी सही करून मोडली, पुतण्याच्या ॲडमिशनसाठी. कारण वाईट नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, नक्की म्हटलं असतं, आणि म्हणूनच तर ते आणखी लागलं. संध्याकाळी मी म्हटलं, अहो, एकदा सांगायचं तरी, तर हे म्हणाले, अगं त्यात काय सांगायचं, आपलंच घर आहे ना. आणि टीव्हीचा आवाज वाढला.

मी मागच्या खोलीत गेले. तिथे माझा दोन फुटांचा कॅनव्हास कोरा पडलेला होता, लाल ॲक्रिलिकची मोठी ट्यूब होती, ती सगळीच्या सगळी पिळली आणि हातानं, ब्रशनं, शेवटी जुन्या टूथब्रशनं फासली, शिंतोडे उडवले, अर्ध्या तासात संपवलं. रडू पण आलं. त्या रात्री झोप छान लागली, ते खोटं सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बेन विरजण मागायला आल्या, दार उघडं होतं, चित्र दिसलं. म्हणाल्या, ‘अरे वाह, केटलुं सरस! गुलमोहर छे?’ संध्याकाळी हे पण म्हणाले की हॉलमध्ये लावूया का, सोफ्याला मॅच होईल. ह्यांच्या बोलण्यात काही कावा नव्हता, खरंच आवडलं होतं. मी त्या चित्राकडे पाहिलं आणि खरंच, गुलमोहरच होता तो. मे महिन्यात आमच्या बडोद्याच्या कमाटी बागेत फुलतो ना, अगदी तसा.

रविवारी मी ते क्लासला घेऊन गेले. आमच्या मॅडम सत्तरीच्या आहेत, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाल्या, आता घरीच आम्हा सहा-सात बायकांना शिकवतात. त्यांना मी एफडीचं काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं की मॅडम हे रागाचं आहे. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘लाल रंगाला आपल्याकडे फार कामं असतात गं. कुंकू त्याचं, शालू त्याचा, जास्वंद त्याची, लग्नाच्या पत्रिकेचा कोपरा त्याचा. तू त्याला नुसतं रागाव म्हटलंस तर तो कसा रागावेल?’

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. कारण ते फक्त रंगाबद्दल नव्हतं. बाईचा राग आपल्याकडे दिसला तरी तो काहीतरी दुसरंच म्हणून दिसतो, रुसवा म्हणून, नखरा म्हणून, पाळी जवळ आली असेल म्हणून, वय झालं म्हणून. आणि आपण तो चित्रात काढला तर फुलं म्हणून.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले, घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत दोन्ही. आम्ही तिसरी-चौथी पिढी, पणजोबा गायकवाडी नोकरीत आले होते. इथे लहानपणापासून सांगतात की आपल्या सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींना सुद्धा, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे, मला पण आहे, माझी पणजी त्यामुळेच वाचायला शिकली. मला चित्रकलेचं वेड होतं. आमच्या घरापासून काळ्या घोड्याकडे पूल ओलांडून गेलं की फाईन आर्ट्सची फॅकल्टी, चालत जाण्याएवढी. 1950 साली सुरू झालेली, देशभरातून मुलं-मुली येतात तिथे शिकायला, आणि मी गावातलीच असून फक्त त्यांचा मेळा भरला की त्यात फिरायला जायची, मातीची भांडी बघायला. 1990 मध्ये बारावीनंतर फॉर्म आणला होता. बाबांनी तो वर्तमानपत्राखाली ठेवला आणि म्हणाले बघू. तारीख गेली. ओरडले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, फॉर्म फक्त वर्तमानपत्राखाली राहिला. मी बी.कॉम. केलं.

तेव्हा मी चिडले होते का? चिडले असणार. पण मला आठवतं ते असं की मी तीन दिवस नीट जेवले नाही आणि आजी म्हणाली, ‘नाकाच्या शेंड्यावर राग आहे हिच्या, सासरी कसं व्हायचं हिचं?’ म्हणजे प्रश्न फॉर्मचा नव्हताच, प्रश्न माझ्या नाकाचा होता.

एकदा मी आणि माझी मैत्रीण बसून शब्द काढत होतो, चिडणाऱ्या बाईला मराठीत काय काय म्हणतात. कजाग, कर्कशा, जहांबाज, तोंडाळ, कैदाशीण, महामाया, अवदसा, त्राटिका. दहा मिनिटांत पान भरलं. मग चिडणाऱ्या पुरुषाला काय म्हणतात ते काढायला लागलो. तापट. शीघ्रकोपी. करारी, कडक, शिस्तीचा. जमदग्नी. आणि जमदग्नीवर आम्ही दोघी गप्प झालो, कारण आमचं दोघींचंही कुलदैवत माहूरची रेणुका.

कथा सगळ्यांना माहीत आहे. रेणुका पाण्याला गेली, नदीवर गंधर्वाला पाहिलं, क्षणभर मन ढळलं, जमदग्नीला कळलं, त्यानं मुलांना सांगितलं हिचं डोकं उडवा, आणि परशुरामानं उडवलं. पुढे वर मागून तिला जिवंत केलं हे खरं, पण माहूरच्या गाभाऱ्यात आपण दर्शन घेतो ते नुसत्या मुखाचं, शेंदरानं माखलेलं भलंमोठं मुख, गळ्याखाली काही नाही. मी लहान असताना पहिल्यांदा गेले तेव्हा घाबरले होते. आता बावन्नाव्या वर्षी मला वाटतं की नवऱ्याचा राग भाषेत म्हण होऊन राहिला, रागीट माणूस दिसला की आपण कौतुकानं म्हणतो, अगदी जमदग्नी आहे बघ, आणि जिचं डोकं गेलं तिच्या डोळ्यांत काय होतं ते कोणी विचारलं नाही. तिचे डोळे मात्र केवढे मोठे आहेत. प्रत्येक नवरात्रात देव्हाऱ्यातला तिचा टाक चिंचेनं घासताना माझा अंगठा त्या डोळ्यांवरून फिरतो.

आमच्या गावात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, सयाजीरावांनी त्याच्याकडून काढून घेतलेली, राजवाड्याच्या आवारातल्या म्युझियममध्ये. त्यात सीतेच्या भूमिप्रवेशाचं चित्र आहे. लहानपणी शाळेच्या ट्रिपला पाहिलं तेव्हा वाटलं होतं बिचारी सीता. मागच्या वर्षी पुन्हा जाऊन पाहिलं, बराच वेळ उभी राहिले. सगळ्या रामायणात एवढा मोठा राग दुसऱ्या कोणाचा नसेल, भर सभेत, पुन्हा एकदा परीक्षा दे म्हटल्यावर, बाई जमीन दुभंगायला लावते आणि निघून जाते, परत येत नाही, मुलांसाठी सुद्धा नाही. आणि चित्रात ती किती मऊ आहे. सुंदर आहे, रंग अप्रतिम आहेत, त्या माणसाचा हात मोठाच होता, पण त्याला सीतेचं दुःख दिसलं, राग नाही दिसला. किंवा दिसला असेल आणि दरबारात लावायच्या चित्रात तो चालला नसता.

मग मॅडमनी मला आर्तेमिजिया जेंटिलेस्की दाखवली. लॅपटॉपवर, पडदे लावून, खोलीत अंधार करून.

ही 1593 मध्ये रोममध्ये जन्मली, बाप चित्रकार, आई ही बारा वर्षांची असताना गेली, चित्रकला बापाच्याच कारखान्यात शिकली. 1611 मध्ये बापाच्याच बरोबर काम करणाऱ्या आगोस्तिनो तास्सी नावाच्या चित्रकारानं तिच्यावर बलात्कार केला, लग्नाचं वचन देऊन गप्प ठेवलं, आणि पुढच्या वर्षी बापानं केस केली. खटला काही महिने चालला. त्यात तिची जबानी खरी आहे की नाही हे तपासायला तिच्या बोटांभोवती दोऱ्या गुंडाळून त्या आवळल्या. चित्रकार मुलीची बोटं. आणि ती आवळताना ती तास्सीकडे बघून म्हणाली की हीच का ती अंगठी जी तू मला देणार होतास. हे कोर्टाच्या कागदात लिहिलेलं आहे, चारशे वर्षं टिकलेलं. मी हे ऐकलं तेव्हा नकळत माझी बोटं मी मुठीत घेतली.

त्यानंतर तिनं ज्युडिथचं चित्र काढलं, बायबलमधली गोष्ट, शहराला वेढा घालणाऱ्या होलोफर्नीस नावाच्या सेनापतीच्या तंबूत ही विधवा जाते आणि तो दारू पिऊन झोपल्यावर त्याचं मुंडकं उडवते. आर्तेमिजियानं हा प्रसंग एकदा साधारण 1612-13 मध्ये काढला, तो नेपल्सला आहे, आणि पुन्हा 1620 च्या सुमारास, तो फ्लॉरेन्सला उफीझीमध्ये आहे. त्याच्या थोडं आधी काराव्हाज्जोनं पण हाच विषय काढला होता, आणि मॅडमनी दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवले. काराव्हाज्जोची ज्युडिथ अंग मागे घेऊन, हात लांब करून, कपाळाला आठी घालून कापतेय, जसं काही झुरळ मारतेय, आणि म्हातारी दासी नुसती बाजूला उभी. आर्तेमिजियाच्या चित्रात दासी तरुण आहे आणि ती त्या माणसाला वरून सगळं वजन टाकून दाबून धरतेय, ज्युडिथच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, एका हातानं त्याचे केस मुठीत धरलेत आणि दुसऱ्यानं तलवार ओढतेय.

रक्त आहेच, भरपूर आहे, गादीवर ओघळतंय. पण मी रक्ताकडे नाही पाहिलं, मी हातांकडे पाहिलं. ते हात मला ओळखीचे वाटले. ते कणीक तिंबणारे हात आहेत. फणस कापताना आई असंच करायची, एक जणीनं फणस दाबून धरायचा, दुसरीनं विळी, बाह्या वर, तोंड शांत, कारण लक्ष हाताखालच्या कामाकडे. चेहऱ्यावर थयथयाट नाही. काम करतायत दोघी.

पुष्कळ जणं म्हणतात की तिनं चित्रातून सूड घेतला. मला हे अर्धंच पटतं. ती पुढे कामं घेत होती, पैसे मिळवत होती, 1616 मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्या अकादमीत दाखल झाली, आणि त्या अकादमीतली ती पहिली बाई. असं चित्र काढायला किती महिने लागत असतील? आधी रेखाटन, मग गडद अंधार, मग अंगाचे थर, एक वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. तेवढे महिने राग हातात धरून बसायचं, सांडू द्यायचा नाही. माझ्या अर्ध्या तासाच्या लाल चित्रात आणि तिच्यात फरक नुसता कौशल्याचा नाही असं मला तेव्हा वाटलं. मी राग फेकून मोकळी झाले होते. तिनं ठेवला होता.

मग मी शोधतच सुटले. फ्रीडा काहलोचं 1935 चं एक चित्र आहे, एका माणसानं प्रेयसीला भोसकून मारलं आणि कोर्टात म्हणाला की मी तर नुसते काही छोटे टोचे मारले, ती बातमी पेपरात वाचून तिनं काढलं. पलंगावर ती बाई, शेजारी तो माणूस हॅट घालून उभा, आणि रक्ताचे डाग कॅनव्हास ओलांडून लाकडी चौकटीवर सुद्धा आलेत. चौकट रंगवली हे मला फार पटलं, म्हणजे बघणाऱ्याला असं वाटायला नको की हे आतलं आहे, आपण बाहेर आहोत.

आणि पाऊला रेगो. पोर्तुगालची. 1998 मध्ये तिच्या देशात गर्भपात कायदेशीर करायचा का यावर जनमत घेतलं, लोक मतदानालाच फार कमी गेले, कायदा तसाच राहिला, म्हणजे बायकांनी चोरून, कुठल्या तरी खोलीत, जीव धोक्यात घालून ते करायचं. रेगो तेव्हा साठीच्या पुढे होती. तिनं पेस्टलमध्ये चित्रांची मालिकाच काढली, त्यात मुली आहेत, बायका आहेत, एक तर शाळेच्या युनिफॉर्ममध्ये आहे, पलंगावर, खुर्चीवर, बादलीवर बसलेल्या, पोटात कळ येतेय. रक्त कुठेच नाही. काहीजणी थेट आपल्याकडे बघतायत. 2007 मध्ये पुन्हा जनमत झालं आणि कायदा बदलला, आणि त्या बदलाबद्दल बोलताना तिथले लोक या चित्रांचं नाव घेतात. लाल रंग न वापरता एवढा राग. मी ती चित्रं मोबाईलवर बघितली, भाजी चिरता चिरता, आणि सुरी बाजूला ठेवावी लागली.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते आमच्याच गावातल्या चित्रांनी. नीलिमा शेख बडोद्यातच शिकल्या, इथेच राहिल्या, आणि 1984 मध्ये त्यांनी चंपा नावाच्या मुलीवर बारा चित्रांची मालिका केली. ओळखीतल्या एका मुलीची खरी गोष्ट, लहानपणी लग्न, सासरचा छळ, आणि शेवटी जाळली. बारा छोटी चित्रं, कागदावर, टेम्पेरात, जुन्या पोथ्यांतल्या चित्रांसारखी नाजूक, आणि तुम्ही एक-एक बघत जाता, आधी खेळणारी मुलगी, मग लग्न, मग स्वयंपाकघर, आणि तुम्हाला माहीत असतं पुढे काय आहे तरी थांबता येत नाही. आवाज कुठेच चढलेला नाही.

1984 मध्ये मी बारा वर्षांची होते. याच गावात. तेव्हा पेपरात दर दोन-चार दिवसांनी यायचं, स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. मोठी माणसं वाचायची आणि पान उलटायची. मी रॉकेलच्या स्टोव्हला घाबरायची, मला खरंच वाटायचं की स्टोव्ह ही फार वाईट वस्तू आहे, पण फक्त सुनांनाच भाजते. सासरच्या छळाविरुद्धचं 498 अ हे कलम 1983 मध्ये आलं, हुंडाबळीचं 304 ब 1986 मध्ये, बायका त्यासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या, मोर्चे काढत होत्या, आणि त्याच काळात माझ्या घरापासून पाच किलोमीटरच्या आत कुठेतरी एक बाई बसून छोट्या कागदावर पातळ रंगाचे थर देत होती, आणि मला हे कळायला चाळीस वर्षं लागली. तो फॉर्म वर्तमानपत्राखाली राहिला नसता तर कदाचित आधी कळलं असतं. हे मी आता शांतपणे लिहितेय पण लिहिताना जबडा आवळलेला आहे.

तर मग माझा रंग कोणता, हा प्रश्न आला. मॅडम म्हणाल्या, विचार करू नकोस, आठव. तुझ्या घरी राग कसा दिसायचा?

आमच्या घरी आई चिडली की भांडी घासायची. रोजची नाही, पितळेची. दुपारी सगळे झोपले की मोरीत पाटावर बसून, चिंच आणि राख घेऊन, घंगाळ, तपेली, पातेली, समया, एकेक. आवाज यायचा, खस खस खस. आजी म्हणायची सून कामसू आहे. आमची भांडी गल्लीत सगळ्यात चकचकीत असायची.

मी नऊ वर्षांची असताना, म्हणजे 1981, काकांना दुकान टाकायचं होतं आणि आईच्या पाटल्या मोडल्या. तिच्या माहेरच्या, चार. मला आठवतं, बाबा सकाळी कपाट उघडून डबा घेऊन गेले आणि संध्याकाळी डबा परत आला, रिकामा. आईला विचारलं नव्हतं. त्यात काय विचारायचं, आपलंच घर आहे ना, असं तेव्हाही कोणीतरी म्हणालं असेल, मला ऐकलेलं आठवत नाही पण वाक्य बदललं असेल असं वाटत नाही. आईच्या मनगटांवर पाटल्यांच्या जागी फिक्कट पट्टे राहिले होते, बाकी हात उन्हानं सावळे आणि तेवढी जागा गोरी. खूप दिवस होते ते पट्टे.

त्याच आठवड्यात ताक कळकलं. नव्या पिढीला हा शब्दच माहीत नसेल म्हणून सांगते. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते, कथलाचा पातळ थर. आमच्याकडे कल्हईवाला यायचा, रस्त्यात खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापवून त्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघायचा आणि कथील लावून कापसानं झटकन फिरवलं की काळं भांडं क्षणात चांदीसारखं, आम्ही पोरं बघत उभी राहायचो. ती कल्हई उडाली आणि त्या भांड्यात आंबट काही ठेवलं, ताक, चिंचेचं सार, की पितळेतलं तांबं त्यात उतरतं, हिरवट होतं, विषारी होतं. त्याला कळकणं म्हणतात. त्या दिवशी आईनं ताक अशाच पातेल्यात रात्रभर ठेवलं. सकाळी आजीनं झाकण काढलं, कडेनं हिरवी रेघ, आणि आजी ओरडली, ‘लक्ष कुठे असतं तुझं हल्ली?’ आई काही बोलली नाही. पातेलं उचललं, ताक मोरीत ओतलं, आणि घासायला बसली.

हे आठवलं तेव्हा मला माझा हिरवा मिळाला.

मॅडमना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, अगं हा तर चित्रकाराचाच रंग आहे, जंगाल. तांब्यावर मुद्दाम आंबट वाफ देऊन तो चढवायचे आणि खरवडून जुन्या चित्रांत वापरायचे, फार सुंदर हिरवा, पण त्याची खोड अशी की तो कागद खातो. जुन्या पोथ्यांमध्ये जिथे जिथे हा हिरवा आहे तिथे कागद आधी तपकिरी पडतो, मग तडकतो, आणि शेवटी शेताचा किंवा साडीचा तुकडा तेवढा गळून पडतो, बाकीचं चित्र धड. पानाच्या मागच्या बाजूनंही तो डाग उमटतो. कितीतरी वर्षांनी.

चित्राला सात महिने लागले. दर रविवारी दोन तास आणि घरी जमेल तसं. खरा जंगाल काही आता मी वापरला नाही, व्हिरिडियन नावाच्या हिरव्यात थोडा रॉ सियेना, म्हणजे मातकट पिवळा, आणि पांढरा, पाण्यासारखा पातळ करून, एकावर एक. वरून बघितलेलं पातेलं, आत पांढरं ताक, आणि पातेल्याच्या काठावर आईचा हात. मनगटावर फिक्कट पट्टा. आणि तिथे मी अडकले, कारण हातात काचेच्या हिरव्या बांगड्या तर हव्यातच, आई कधी त्याशिवाय राहिली नाही, आणि ताकाच्या कडेला तोच हिरवा. मॅडमनी विचारलं, दोन्ही हिरवे एकच आहेत का वेगळे? मी पंधरा दिवस काहीच केलं नाही, नुसती बघत बसले. बांगड्यांचा हिरवा सौभाग्याचा, चुडा भरताना कासार ज्याला शुभ म्हणतो तो. शेवटी मी दोन्ही एकाच वाटीतून काढले. बांगड्यांवर फक्त प्रकाशाचा ठिपका दिला, ताकावर नाही दिला. एवढंच.

त्या सात महिन्यांत माझा राग कमी झाला का, असं मैत्रिणीनं विचारलं. नाही झाला. पण तो आधी छातीत धडधडायचा तो हाताशी आला, मला त्याचा उपयोग माहीत झाला. मध्ये एकदा यांना मी बसवून सांगितलं, टीव्ही बंद करून, की एफडी माझी होती, पैसे परत माझ्या एकटीच्या नावानं जमा करायचे, हप्त्यानं करा पण करा. आवाज चढला नाही माझा, आश्चर्य मलाच वाटलं. दर महिन्याला येतात आता. चित्रामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, पण ज्या बाईनं एका रेघेसाठी चार रविवार घालवलेत तिला एक वाक्य नीट बोलायला घाई होत नाही.

आई आता ऐंशीची आहे, भावाकडे असते. मागच्या महिन्यात चार दिवस माझ्याकडे आली. चित्र मी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं, दाखवायची हिंमत नव्हती, आणि दुपारी मी चहा टाकला तोवर तिनं स्वतःच ते फिरवून ठेवलं होतं आणि समोर खुर्ची ओढून बसली होती. मी दारातच थांबले.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग बोटानं हवेतच दाखवत म्हणाली, ‘ही रेघ एवढी वर नव्हती. खाली होती, ताकाच्या पातळीला. आणि बुडाशी एक डाग होता, पैशाएवढा.’

मी म्हटलं, ‘आई, तुला आठवतं?’

‘न आठवायला काय झालं. कल्हई गेली होती त्या पातेल्याची, दिवाळीपासून. मला माहीत होतं.’

मी तिच्याकडे बघत राहिले. ती चित्राकडेच बघत होती.

‘सकाळी कोणी उठायच्या आत ओतणार होते मी,’ ती म्हणाली, ‘पण तुझी आजी लवकर उठली.’ मग चहाचा कप घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाली, ‘तो डाग काढ गं. बुडाशी. मी सांगते कुठे.’

मी वाटीत व्हिरिडियन घेतला, पाणी घातलं, आणि ती मागून सांगत होती, अजून खाली, अजून थोडं डावीकडे.